एकोणपन्नास पॉइंट सात

सहा वाजून दहा. सौर पाट्यांवरून ऊन उतरलं
तुरीच्या धुऱ्यावर, मग तिथूनही गेलं.
उपकेंद्रात प्रणिता कुळसंगे
वहीत आकडा लिहिते, खाली रेघ मारते.

फोन. "मॅडम, लाईन जाते का वो?
चक्कीत दाणे टाकून बसलो."
तिचा हात स्विचपाशी. थांबलेला.

कोळसा इथलाच, पायाखालचा,
पण बसलेला बैल तो;
उठता उठता रात्र होते.
गॅस हाक मारली की निघतो.

समुद्र तिने पाहिलेला नाही.
त्याच्या तळातलं काहीतरी
आत्ता कुठेतरी भडकलं असेल:
काटा हलला. आठ. जरा थांबून, नऊ.

"नाही जात," ती म्हणते.
पलीकडे पट्टा घरघरतो.
ज्वारी की गहू,
विचारायचं राहून जातं.