खोक्यावरचा कागद

दौलतगंजात सकाळी दहालाही धुकं.
कुरिअरवाला म्हणाला, "ठंडा है भाईसाब, संभालके,"
आणि बर्फाची लादी द्यावी तसं
खोकं माझ्या हातात दिलं.

गिटार. कोलकात्याहून निघालेली,
नऊ दिवस ट्रकात.
वर चिकटवलेला कागद:
चोवीस तास उघडू नये,
लाकडाला खोलीची सवय होऊ द्यावी.

दिवाणाशेजारी आडवी ठेवली, हीटरपासून लांब.
मिहिर तासातासाला येऊन पुठ्ठ्याला गाल लावतो.
"अजून गारच आहे, बाबा."
कात्री मी खिशात घालून फिरतोय.

मागच्या पौषात वृंदाताई आली
रात्रीच्या गाडीनं, एका बॅगेनिशी.
दारातच उघडलं आम्ही तिला:
का आलीस, तो काय म्हणाला, किती दिवस?
चहाचं आधणही नव्हतं ठेवलं.
तिनं कानाचा मफलर सोडला नव्हता.
आवाज असा काही झाला नाही.
रेघ नंतर दिसली, बारीक,
पॉलिशच्या खालून गेलेली.

रात्री दोनला उठून हात लावून पाहिला.
खोकं आता भिंतीइतकंच गार.
मिहिर तिथंच झोपलेला, जमिनीवर,
अर्धी रजई
पुठ्ठ्यावर.