डावं दार

इरी गावात बर्फ पडतो तो सरोवराच्या मर्जीनं
आणि मीठ पडतं ते नगरपालिकेच्या.
मध्ये लोखंड.
म्हणून जुनी गाडी बघायला गेलो
की मी आधी गुडघे टेकतो, मग हात मिळवतो.

मिसेस गोर्स्कींच्या अंगणातही
तसाच उताणा सरकलो, टॉर्च दातांत धरून.
सव्वीस वर्षांची लेक्सस. वरून मोती.
पण मला बघायचे होते तिचे तळवे.
ब्रेकच्या नळ्या नव्या, सांगाडा कोरडा,
मागच्या चाकापाशी नखाएवढा गंज,
बोटानं टोचला. आत गेलं नाही बोट.

"पावत्या आहेत का?" मी विचारलं,
बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, त्या चालीवर.
त्या आत गेल्या
आणि बुटांच्या खोक्यातून लिओनार्डला घेऊन आल्या.

प्रत्येक पावतीच्या पाठीवर निळी शाई:
मैल, तारीख, हवा कशी होती.
'गिअरचं तेल बदललं. कंपनी म्हणते जन्मभर चालतं.
कुणाच्या जन्मभर?'
'टायमिंग बेल्ट. सोबत पाण्याचा पंपही.
पोट फाडलंच आहे तर.'
शेवटच्या तिन्हींवर अक्षर थरथरतं.
एकीवर नुसते मैल.

शर्वरी म्हणाली, हत्ती घेतोयस, तोही म्हातारा.
मी म्हटलं, साडेचार हजार फक्त,
आणि साडेतीन बाजूला ठेवलेत, पहिल्या वर्षाच्या दुखण्यांना.
"म्हणजे आठ," ती म्हणाली
आणि भाजी चिरू लागली.

एनेस बोस्नियातून आला अकरा वर्षांचा,
त्याच्या गॅरेजात कॉफी मिळते, सवलत नाही.
बोनेटखाली वाकून म्हणाला,
हा स्टिअरिंगचा पंप गळतो, थेंब थेंब,
आणि गळतो तो नेमका अल्टरनेटरच्या डोक्यावर.
वरच्याकडे आधी बघ.
नाहीतर खालचा मरेल, आणि तू खालच्यालाच शिव्या देशील.
मला आमच्या कारखान्यातली
सगळी उतरंड आठवली.

मग मी शिकलो.
ऑक्टोबरात तिच्या पोटाला तेलाचा फवारा,
फेब्रुवारीत पहिलं ऊन पडलं की खालून आंघोळ,
रबराचे बुश चारही एकदम, एकेक नाही,
पेट्रोल महागातलं, कुरकुर न करता.
कुरकुरत होतं ते एक दार. डावं, माझ्याच बाजूचं.
मार्चमधल्या एका रविवारी
बिजागरीत बोटभर ग्रीस भरलं.
दोन मिनिटांचं काम.
असं मिटलं, जसं कुणी आलंच नाही.

नोंद करायला खोकं उघडलं.
तळाशी पुठ्ठ्याला चिकटलेली एक पावती,
वायपरच्या पात्यांची, किरकोळ.
पाठीवर:
'डावं दार वाजतं. तेल घालू नये.
आयरीनला ऐकू जातं, ती सूपखाली गॅस लावते.'

तसाच बाहेर गेलो, चिंधी घेऊन.
पुसलं, खरवडलं, रॉकेलनं धुतलं,
उघडलं, मिटलं, उघडलं.
शेजारचा ड्वेन कुंपणापलीकडून म्हणाला,
काही बिघडलंय का?
काय सांगू त्याला? म्हटलं, नाही, तेच तर.

मिसेस गोर्स्कींना कळवलं नाही.
त्या आता मुलीकडे असतात, टक्सनला,
जिथे काहीच गंजत नाही.

दोन हिवाळे झाले.
अजूनही पोटाला तेल, उन्हात आंघोळ,
पंप नवा, अल्टरनेटर शाबूत, एनेस खूश.
फक्त त्या बिजागरीला मी हात लावत नाही.
सगळ्या गाडीत तेवढी एकच जागा
मिठाला मोकळी सोडली आहे.

काल पुन्हा लिहिलं, निळ्याच शाईत:
एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे चार.
पुढचे ब्रेक पॅड. वारा पश्चिमेचा, भुरभुर बर्फ.
दार: अजून नाही.