सुटणारी गाठ

खिळा मारायचा नाही, बालमणी सांगते.
बांबूला एकदा भोक पडलं
की तो एकाच मांडवाचा होऊन बसतो,
पुढच्याच्या कामाचा राहत नाही.

चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं.
रोज हजार विड्या, हजार दोरे.
आता तीच बोटं सुतळीला अशी गाठ घालतात
की वावटळीत हलू नये
आणि शेवटच्या दिवशी
एका हिसक्यात सुटावी.
सुटली नाही तर गाठ चुकली, असं ती धरते.

हे बांबू गड्ड्याच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानाला होते.
तिथून लष्करातल्या एका लग्नात गेले,
मग अक्कलकोट रोडला कुणाच्या तरी दहाव्याला.
एकावर हळदीचा पंजा अजून आहे.
पुसू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली. पाणपोईला चालतो.

एप्रिल. त्रेचाळीस अंश.
कन्ना चौकात सावली हवी होती,
ताडपत्रीखाली माणूस शिजतो.
मी पाठकोऱ्या बिलावर खर्च मांडत बसलो,
ती घरी जाऊन पोतं घेऊन आली.
माग भंगारात गेला तेव्हा
राजेशमनं तेवढंच मागून घेतलं होतं:
चादरीच्या नक्षीचे टोचलेले पत्ते,
एकाला एक दोऱ्यानं ओवलेले,
भोकंच भोकं.
सहा वर्षं माळ्यावर. कडा उंदरांनी खाल्लेल्या.

बांबूंवरून ते ओळीनं सोडले.
बाराच्या सुमाराला
रांगेतल्या माणसांवर उजेडाचे ठिपके पडले,
पाठींवर, रांजणावर,
एका रिक्षावाल्याच्या टकलावर.
राजेशम खुर्चीत बसून बघत राहिला.
नंतर तेलुगूत काहीतरी पुटपुटला.
काय म्हणतो, मी विचारलं.
मोर आहे म्हणतो,
पण मागाबिगर कुणाला कळायचा नाही.

मृगाच्या आधी मांडव उतरवला.
सगळ्या गाठी सुटल्या, एक सोडून.
त्या एकीवर ती बराच वेळ चिडून होती.
पत्ते तिनं नंबरानं घडी घातले,
पहिला वर, शेवटचा खाली.
आता कुठं लागतील, ठाऊक नाही.

रस्त्याकडेच्या मातीत आठ खड्डे उरले होते.
ते तिनं पायानं माती ओढून बुजवले,
रांजणाखालची ओली वीट उचलली
आणि ज्याच्या घरून आणली होती
त्याला द्यायला निघून गेली.