खाणीतला फेस

लाटंबार्शाच्या सड्यावर
चिरे काढून सोडून दिलेली एक खाण आहे.
कोपरे अजून काटकोनात, पाणी मात्र
कुणी न मोजता भरलेलं.

"शी! कोणीतरी थुंकलंय," कार्मिना म्हणाली.
पाण्यावर वाकलेल्या फांदीला
पांढरा फेस, मुठीएवढा.
मी म्हटलं, अंडी आहेत. कुणालाच पटेना.
दामूनं बोट पुढे केलं, मागे घेतलं,
मग श्वासच धरून उभा राहिला.

खाली कडेच्या पाण्यात आणखी अंडी,
भिजल्या सब्जासारखी,
प्रत्येकात एक काळा ठिपका.
"फालुदा!" सगळे हसले.
आग्नेल नाही.

खाण दाखवली त्यानंच.
त्याला वाट अंधारातली पाठ:
टॉर्च, गोणपाट,
आणि पप्पांच्या मागून पाय न वाजवता चालणं.
"डोळ्यांत उजेड मारला की बसूनच राहतात,"
बाजारभाव सांगावा तसं तो म्हणाला.
मग पाण्याकडे बघत,
"बाई, ही त्या मोठ्यांची?"
"असतील."
"किती?"

मला माहीत नव्हतं.
मोजायला बसलो. दामू चाळीसनंतर चुकला,
कार्मिनानं पुन्हा एकपासून धरलं,
तोवर पाऊस आला आणि
सगळे ठिपके हलायला लागले.

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर
टॉर्चचे दोन जाड सेल.
कुणाचे, म्हणून विचारलं,
तर मागच्या बाकावरून,
अगदी हळू,
डराव.