बिल कुणापुढे ठेवायचं

सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसते मी,
नोंग खायला, नदीकाठच्या या मासळीच्या खानावळीत.
पलीकडे लाओस. दिवे लागले की
तिकडचीही माणसं जेवायला बसलेली दिसतात.
पैसे कोण देतं, ते एवढ्या लांबून कळत नाही.

इकडचं कळतं.
कुणी कुणाला आधी वाढलं,
माशाच्या गालाचा तुकडा कुणाच्या पानात गेला,
बर्फ संपल्यावर कोण उठलं.
थोरला असेल तो देतो. साहेब असेल तो देतो.
ज्याने बोलावलं तो देतो.
हे तिघं तीन वेगळे निघाले, तर मी बिल
मिरच्यांच्या वाटीपाशी ठेवते
आणि पाठ फिरवते.

त्या दिवशी अठरा नंबरवर पिकुन होती,
बाजारात कापडाचं दुकान आहे ती,
आणि तिचा विबे, हॉलंडचा,
आमच्या दारातून वाकून आत येणारा.
शिवाय आई, मामा, मामाची तीन पोरं
आणि शेजारीण, जी सहज आली होती.
मीठ थापून भाजलेले दोन मासे,
पपईचं तिखट, चिकट भाताच्या सहा टोपल्या.
एक हजार आठशे चाळीस बात.

गोऱ्यापुढे ठेवायचं, असं सगळेच म्हणतात.
मीही ठेवलं.
त्याने चष्मा लावला. ओळ न् ओळ वाचली.
फोनवर भागाकार केला
आणि पिकुनला म्हणाला, मोठ्याने, प्रेमाने,
शिकवणीतल्या स्वच्छ थाईत:
तुझे नऊशे वीस.

मामा नदीकडे बघू लागला.
नदीत बघण्यासारखं काही नव्हतं.

मला गल्ल्यावरून टेबलांच्या खालचंही दिसतं.
पिकुन केव्हाची त्याच्या गुडघ्यावर
नोटांची घडी टेकवत होती.
दोन हजार. तिचेच, दुकानातले.
त्याने फक्त उचलून ताटलीत ठेवायचे होते,
चारचौघांत, जावयासारखे.
त्याला वाटलं, ती हात धरतेय.
त्याने हात धरला.

शेवटी आईने दिले.
अळंबी विकून आलेल्या विसाच्या नोटा, रबर लावलेल्या.
मी मोजल्या नाहीत.

याला आम्ही अमेरिकन वाटणी म्हणतो.
इंग्रज म्हणे डचांवर खापर फोडतात.
विबेनेच सांगितलं पुढे कधीतरी.
आणि तुमच्याकडे काय म्हणतात, विचारलं,
तर जरा विचार करून म्हणाला,
काही नाही, नुसतं जेवण.

मी त्याला आमचा शब्द दिला: लियांग.
लेकरू वाढवणं म्हणजे लियांग, म्हैस पाळणं म्हणजे लियांग,
आणि कुणाचं बिल देणं, तेही लियांगच.
तो वहीत लिहीत होता.
म्हणाला, मग पिकुनला मी पोसायचं, की तिने मला?
मी म्हटलं, ते टेबलाखाली ठरतं.
हे त्याने लिहिलं नाही.

परवा आले. चार वर्षं झाली असतील.
आई आता नाही. मामाचं रबर
दोन वर्षं मातीमोल जातंय, सगळ्या गावाला ठाऊक आहे,
तरी बोलावणं मामाचंच होतं,
धाकट्याला नोकरी लागली म्हणून.
मी बिल हातात धरून उभी राहिले,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाकडे जावं कळेना.
विबेने नुसत्या हनुवटीने मामा दाखवला.
आणि टेबलाखालून, ते लांबलचक हात कसेबसे दुमडून,
झाकली मूठ सरकवली.

मामाने नोटा ताटलीत टाकल्या.
हल्ली सगळंच महागलंय, असं मोठ्याने म्हणाला.
सुटे पोरीला ठेव, म्हणाला.
विबेने दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला,
बोटं नाकापर्यंत, बरोबर तेवढीच उंच.

बिल मात्र त्याने वाचलं होतं.
उलटं, समोरून, चष्म्याशिवाय.
बर्फाचे दहा बात जास्त लागले होते.
तेव्हा बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी
सायकलवरून आला आणि सांगून गेला.