कूलरखालची गाडी

मानेवाड्याच्या सिग्नलवर तिसऱ्यांदा बंद पडली
तेव्हा पारा पंचेचाळीसवर होता
आणि मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.
ढकलायला दोन पोरं आली, रसवंती सोडून.

खुशाल मेंढेनं डॅशबोर्डखाली हात घातला,
तळहाताएवढी पेटी बाहेर काढली, नाकाशी धरली.
"इंजनले काहीच नाही झालं, म्याडम.
डोकं गेलं हिचं."
झाकण निघालं. आत हिरवी पाटी,
तिच्यावर हिरवाच गंज
आणि क्षारांचा एक पांढरा ओघळ.
"पाणी कुठून आलं बा? पाऊस त नाही."

मी लगेच बोलले नाही.
मार्चपासून गाडी उभी असते
माझ्या खिडकीतल्या कूलरखाली.
टप. टप. वायपरच्या जाळीत.
तेवढीच गार राहील बिचारी, असं वाटायचं,
आणि वाळ्याच्या वासात मी झोपून जायचे.

नवी पेटी बावीस हजार.
जुनी मिळाली साडेचारला, कामठी रोडच्या भंगारात,
बुटीबोरीजवळ उलटलेल्या एका गाडीची.
खडूनं लिहिलं होतं तिच्यावर : चालू.

बसवली. चावी फिरवली.
दोन सेकंद घरघर, मग गप्प.
पुन्हा दोन सेकंद.
"वळखत नाही तुम्हाले. तिले तिच्याच मालकाची चाबी पाह्यजे."
त्या मालकाचं काय झालं, मी विचारलं नाही.
खुशालही पान्हे पुसत राहिला.

मग त्यानं पंखा बंद केला.
डोळ्याला भिंग लावून, जुन्या पाटीवरून
ज्वारीच्या दाण्याएवढी चिप उचलली,
आठ पायांची,
चिमट्यात मुंगी धरावी तशी,
आणि परक्या पाटीवर टेकवली.
राळेचा धूर. हनुवटीवरचा घाम
पाटीवर पडू नये म्हणून मान वाकडी.
"आता सारं आठवते हिले," तो म्हणाला,
"तुमचं नाव सोडून सारं."

गाडी लागली.
"पायडलले पाय नोका लावू. एसी बंद.
दहा मिनिटं राहू द्या तशीच, शिकून राहिली ते."
काय शिकते?
"उभं राहाले."

काचा वर, दुपारचे दोन,
मी पाय जवळ घेऊन बसले.
काटा बाराशेवर गेला, सहाशेवर आपटला,
नऊशे, सातशे,
कुणाला तरी विचारत असल्यासारखा,
आणि मग साडेसातशेवर थरथरत थांबला.
तेव्हा कुठं मी कूलरचं सांगितलं.
खुशाल हसला नाही. म्हणाला,
"मे महिन्यात हे तिसरी."

आता गाडी रस्त्यापलीकडे, कडुलिंबाखाली.
छतावर कावळ्यांची विष्ठा, आत भट्टी.
रात्री कूलर चालू असतो.
खिडकीखालच्या ओल्या फरशीवर
शेजारच्या लांजेवारांचं मांजर पसरतं.
थेंब पडला की कान हलवतं,
जागचं हलत नाही.