टिचकी

हा ओव्हन मूळचा माझा नाही.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून फर्नांडिस बाई सिकंदराबादला गेल्या
तेव्हा ट्रकमध्ये जागा उरली नव्हती,
म्हणून तो हुडकेश्वर रोडला आला,
ऑटोतून, माझ्या मांडीवर बसून.
बटणावरचे आकडे पुसलेले.
मी हात आत धरून मोजते:
पाचपर्यंत थांबवला तर भाज्या,
तिनालाच ओढून घ्यावा लागला तर पाव.

पहिला पाव वीट होता.
दुसरा त्या विटेचा धाकटा भाऊ.
नरेशने तो दाराला टेकू म्हणून लावला
आणि दार खरंच हललं नाही दिवसभर.

मग मे आला.
पुस्तकात लिहिलं होतं,
'पीठ उबदार जागी दोन तास ठेवावे.'
उबदार!
कुठल्या गावच्या माणसाने लिहिलं असेल हे.
इथे वीस मिनिटांत पीठ परातीबाहेर,
ओलं फडकं डोक्यावर घेऊन
ओट्यावर फिरायला निघालेलं.
मी त्याला कूलरसमोर बसवलं.
त्या दिवशीच्या पावाला वाळ्याचा वास होता.
वाईट नव्हता. पण पाण्यासारखा लागला.

आता रात्री दहानंतर भाजते.
कॉटन मार्केटमधली भरताची वांगी, हिरवी, जडशीळ,
सालासकट कोहळं,
भेदरं, कांदे, लसणाचा अख्खा गड्डा,
वर तेल, मीठ, भिवापुरी तिखट.
कोहळ्याची कड काळी होते.
ती आधीच खरडून खायची असते
आणि कुणाला सांगायची नसते.
पावात गॅलरीतल्या कुंडीतला ओवा,
हिवाळ्यात वाळवून ठेवलेली मेथी, मूठभर सांबार.

मामाजी काटोलहून मोतीबिंदू काढायला आले.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्याला तसंही कमीच दिसायचं.
वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं,
म्हणून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.
‘काय करून राहिली पोरी?’
‘पाव.’
‘बिना गोवरीचा?’

मारुतीच्या पारावर
दोनशे माणसांचे रोडगे उलटायचे ते,
राखेत हात घालून, चिमटा न घेता.
हे नरेशने सांगितलं. ते स्वतः काही बोलले नाहीत.
फक्त मी पाव बाहेर काढला तेव्हा
हात पुढे केला.
मी टॉवेल दिला, तो त्यांनी मांडीवर टाकला.
पाव नुसत्या तळव्यावर पालथा घेतला
आणि बुडावर टिचकी मारली.
एक. मग कान जवळ नेऊन आणखी एक.
‘कच्चा हाय. घाल परत.’

पुस्तकात होतं तेही, पान चाळीसवर:
तळाशी ठोकल्यास पोकळ आवाज यावा.
मी तीनदा वाचलं होतं,
मला कधी ऐकू आलं नाही.
‘पोकळ म्हणजे कसा, मामाजी?’
थोडा वेळ गेला. वांग्यातून पाणी सुटून
ट्रेमध्ये चुरचुरत होतं.
‘एखाद्याच्या घरी जाते का नाही आपण,
दार वाजवते,
न् वाजवल्याबरोबर समजते
का आत कोणी नाही.
तसा.’

सासूबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

त्या रात्री आम्ही साडेअकराला जेवलो.
वांग्याचा गर, भाजका लसूण पिळून.
त्यांनी मधलं मऊ घेतलं,
कवळीमुळे कड माझ्या ताटात ठेवली
आणि म्हणाले, ‘रोडग्याइतका नाही.’
मग आणखी एक तुकडा तोडला.

आता ते काटोलला आहेत.
डोळा बरा, पेपर वाचतात.
मी फोन ओट्यावर ठेवते, स्पीकर सुरू करते,
पाव पालथा करून फोनजवळ धरते
आणि टिचकी मारते.
पलीकडे पंखा ऐकू येतो. एक खोकला.
‘अजून पाच मिनिटं.’